खाटेखालची बाटली

माझ्या तोंडाला लोक घाबरत, आणि मला ते आवडत असे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. पनवेलच्या त्या दहा खाटांच्या इस्पितळात शिकलेली नर्स मी एकटीच. डॉक्टर मुंबईला शिकून गावी परत आले होते. ऑपरेशनला त्यांचा हात फार चांगला, पण कुणाला चार शब्द सुनवायचं त्यांच्याने होत नसे. ते काम आपोआप माझ्याकडे आलं. पट्टी सोडून आत काय चाललंय ते बघणारे पेशंट, खाटेवर मांडी ठोकून जेवणारे नातेवाईक, उशीखाली विड्या लपवणारे म्हातारे, सगळ्यांना मी सरळ करायची. डॉक्टर कौतुकाने म्हणायचे, सिस्टर आहेत म्हणून इस्पितळ चाललंय. मलाही तसंच वाटायचं.

त्या वर्षांचं काही आठवायला बसले की आधी पाय दुखल्याचं आठवतं. सकाळी सातला यायची ती दिवेलागणीला सुटायची. घरी वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. दिवसभर परक्यांची भांडी उचलायची, घरी गेलं की वडिलांचं भांडं. कुणाला लघवी किती झाली, कुणाची अडली, कुणाची कपड्यातच झाली, यातच माझी तिशी सरली. दमलेल्या माणसाला रागावणं सोपं पडतं. समजावून सांगायला बसावं लागतं, दोनदा सांगावं लागतं, आणि तेवढी ताकद माझ्यात दुपारनंतर उरत नसे.

ते पोर आलं तेव्हा रेल्वे अजून पनवेलला यायची होती. न्हावा-शेव्याकडच्या मिठागरावरची एक बाई पाच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. आज त्या बाजूला मोठ्ठं बंदर झालंय आणि रस्ता ओलांडायचा तर कंटेनरच्या गाड्या थांबायची वाट बघावी लागते. तेव्हा भरती साधून होडीत बसायचं, पनवेलच्या बंदरात उतरायचं आणि पुढे चालत यायचं. मीठ पिकायचे दिवस होते, म्हणून मुलाचा बाप आगर सोडून येऊ शकला नव्हता. बाई एकटीच आली होती, आणि पोर काही चालायला तयार नव्हतं.

त्याचं दुखणं बघितल्याबरोबर कळण्यासारखं होतं. लघवीला बसला की किंचाळायचा, मध्येच अडली की हाताने ओढायचा, जमिनीवर लोळायचा. ओढून ओढून तिथली कातडी लांबट आणि लाल झाली होती. मूतखडा. त्या काळी गरिबाघरच्या पोरांना तो बराच व्हायचा. बाईने मात्र आपलं निदान आधीच करून टाकलं होतं. पोर आगरात खेळताना मिठाचा खडा उचलून तोंडात टाकतं, तोच खडा खाली जाऊन बसला, असं तिचं म्हणणं. त्यासाठी तिने त्याला मारलं होतं आणि तीन महिने त्याच्या जेवणातलं मीठ बंद केलं होतं.

"मीठ बंद केलाय मी त्याचा," ती डॉक्टरांना म्हणाली. "तरी खडा इरघळत नाय."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पाणी किती पितो?"

मिठागरावर चहूकडे पाणी, पण प्यायचं गोडं पाणी लांबून डोक्यावर आणायचं. तिथल्या बायका पाणी मोजून देतात. त्यात या पोराला लघवी करताना दुखायचं, म्हणून तिने त्याचं पाणी आणखी कमी केलं होतं. पाणी कमी म्हणजे लघवी कमी, आणि लघवी कमी म्हणजे रडणं कमी. तिच्या परीने ती त्याला सांभाळतच होती.

दोन दिवसांनी सकाळच्या उजेडात ऑपरेशन झालं. हत्यारं मी स्वतः स्टोव्हवर उकळली. ओटीपोटावर लहानसा छेद घेऊन डॉक्टरांनी मूत्राशय उघडलं आणि खडा काढला. सुपारीएवढा होता, खडबडीत, मातकट रंगाचा. एवढ्याशा पोराने तो किती दिवस आत बाळगला असेल, असं माझ्या मनात आलं. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे डॉक्टरांनी पोटातून एक रबरी नळी बाहेर काढून ठेवली. आतली जखम भरेपर्यंत लघवी खालच्या वाटेने जायची नाही, या नळीतून खाटेखाली ठेवलेल्या काचेच्या बाटलीत पडायची. बाटलीवर मी कागदाची पट्टी चिकटवून औंसाच्या खुणा केल्या होत्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ बाटली बघायची, आकडा तक्त्यावर लिहायचा, बाटली रिकामी करायची. आकडा चांगला तर पोर चांगलं. आकडा घसरला तर काहीतरी बिघडलंय. लहान मुलांच्या या ऑपरेशनात ऑपरेशनपेक्षा ही बाटलीच महत्त्वाची, असं डॉक्टर मला शंभरदा सांगून चुकले होते.

मी बाईला सांगितलं, याला भरपूर पाणी पाजायचं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी बाटलीत तळाशी थोडंसं, ते पण गडद. विचारलं तर म्हणाली, पोट कापलंय, पाणी पाजलं तर आतून जखम भिजेल आणि चिघळेल. वरच्या जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, हे आम्हीच सांगतो. मग आतल्या जखमेला कसं चालेल, असं तिला वाटलं. आज मला तिचं म्हणणं अगदी सरळ वाटतं. त्या दिवशी मी तिला सगळ्या वॉर्डासमोर बोलले. पोर मारायला आणलंयस का, असंही म्हणाले. जिभेला हाड नसतं. तिने खाली मान घालून तांब्या उचलला आणि पोराला पाणी पाजायला लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाटली पाहिली, तर आदल्या दिवसापेक्षाही कमी.

"पाणी पाजलंस का?"

"पाजलाय बाय. दोन तांबे पाजलाय."

"मग गेलं कुठे? खोटं बोलू नकोस."

"देवाशपथ पाजलाय."

"देवाला मध्ये आणू नकोस. बाटली खोटं बोलत नाही."

हे वाक्य माझं आवडतं होतं. पुष्कळांना ऐकवलं होतं. तिने पोराचं पांघरूण सरकवलं. मग म्हणाली, "शिस्टरबाय, पोट फुगलाय जरा त्याचा." मी पोटाला हातसुद्धा लावला नाही. वारा धरलाय, ओवा चावून फुंकर घाल म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. सकाळपासून मी बसले नव्हते. वडिलांना त्या दिवशी ताप होता आणि शेजारणीला त्यांच्याजवळ बसवून आले होते, तिला लवकर मोकळी करायची होती. ही कारणं आहेत. खरी आहेत, पण त्यांनी काही भागत नाही.

संध्याकाळी बाटली जवळजवळ भरलेली होती. रंगही छान, फिकट सोनेरी. मी तक्त्यावर आकडा लिहिला आणि बाईला म्हणाले, "बघितलंस? पाणी पाजलं की कसं होतं?" ती हसली. चार दिवसांत पहिल्यांदा हसली. चौथ्या दिवशी तिन्ही वेळा बाटली चांगली भरली. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि मला म्हणाले, सिस्टर, तुमच्या तोंडाला यश आहे. मी खूश होऊन घरी गेले. पोर मात्र दिवसभर कण्हत होतं, अंगही कोमट लागत होतं. पण ऑपरेशन झालेली पोरं कण्हतातच, आणि आकडे तर उत्तम होते.

पाचव्या दिवशी सकाळी त्याच्या खाटेखाली मुंग्यांची रांग दिसली. रांग बाटलीकडे गेली होती, काचेवर चढली होती. मुंग्या लघवीला लागल्या म्हणजे काय, ते मला शिकवलेलं होतं. पाच वर्षांच्या पोराला मधुमेह, आणि वर उघडी जखम. मी थोडी लघवी काचेच्या नळीत घेतली, तपासायचं निळं औषध घातलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. साखर असेल तर निळ्याचं विटकरी होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते विटकरी झालं.

डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी काचेची नळी पाहिली, मग बाटली उचलली आणि नाकाशी धरली. परत हुंगली. आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सिस्टर, हा चहा आहे. गुळाचा."

इस्पितळाच्या मागच्या अंगणात नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली असत. तिथे ती बाई स्वतःसाठी गुळाचा कोरा चहा करायची. पहिल्या दिवशी बाटलीत पडलेल्या लघवीचा रंग तिने नीट बघून ठेवला होता. चहा पदरातून गाळायचा, पाणी घालून तो रंग आणायचा, आणि मी यायच्या आधी बाटलीत खुणेपर्यंत ओतायचा. साधं पाणी ओतलं तर मला कळेल, एवढं तिला समजत होतं. मिठागरावर जन्म गेलेली बाई, पाण्याचा रंग बघून त्यात काय आहे ते सांगणारी.

तोपर्यंत डॉक्टरांनी पोराच्या पोटावर हात ठेवला होता. मीही पाहिलं. ओटीपोट घट्ट, कातडी ताणून चकचकीत झालेली, टाक्यांच्या कडेने लाली. नळी आतून रक्ताच्या गुठळीने बंद पडली होती. तिसऱ्या दिवशीच बंद पडली असणार. म्हणजे बाईने खरंच दोन तांबे पाणी पाजलं होतं. ते पाणी आतच साठत गेलं होतं, आणि मी तिला खोटी ठरवली होती.

डॉक्टरांनी तिला हळूच विचारलं, "बाई, असं का केलंत?"

ती रडत नव्हती. माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. तिने जे होतं ते सांगितलं. "शिस्टरबाय वरडतात. पानी पाजलाय म्हनला तर आयकत नाय. मना वाटला, बाटली भरली का नाय वरडनार."

हत्यारं उकळायला ठेवताना मला तिचा राग येत होता. खरं सांगायचं तर आधी राग आला. केवढा मूर्खपणा, पोराच्या जिवाशी खेळ, असं मी स्टोव्हला पंप मारताना पुटपुटत होते. शरम मागाहून आली, ती टाके उसवल्यावर आतून जे बाहेर आलं त्याच्या वासाबरोबर. डॉक्टरांनी सगळं धुऊन काढलं, नवी जाड नळी घातली. पोराला पेनिसिलीनची इंजेक्शनं मीच देत होते. हात धुताना डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "आकडा कमी आला तेव्हा तुम्ही बाईला तपासलंत. नळी तपासायची होती." त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. तो प्रसंग पुन्हा कधी त्यांनी काढला नाही, आणि तक्त्यावरचे माझ्या हातचे ते चार आकडे तसेच राहिले.

पाच दिवस पोर वाचेल की नाही ते कळत नव्हतं. ताप चढायचा, उतरायचा. मी दर तासाला नळी दाबून बघायची, पिचकारीने धुवायची, बाटलीची काच उजेडाला धरायची. बाई कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघायची. मी खाटेकडे वळले की ती लगबगीने उठून तांब्या उचलायची. मी काही विचारायच्या आधीच म्हणायची, "पाजलाय बाय." मी तिला म्हणाले, अगं, मी रागावणार नाही. तिने मान डोलावली. पुढच्या वेळी पुन्हा तेच, "पाजलाय."

ताप उतरला. पोर वाचलं. पण पोटावरची जखम मिटेना. नळी काढली तरी लघवी खालून न जाता त्या भोकातूनच झिरपत राहिली. अशा वेळी वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि पोट पुन्हा उघडायची डॉक्टरांची तयारी नव्हती. ते म्हणाले, वाट कायमची तशीच राहिली तर मुंबईला मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. तिथेही खात्री नाही. नाहीतर हा मुलगा जन्मभर ओल्या कपड्यात राहील, आणि हळूहळू दुखणं मूत्रपिंडावर जाईल.

मग दर बुधवारी बाई यायची. होडीची वेळ सापडली तर होडीने, नाहीतर पार चालत. पोराच्या पोटाला जुन्या लुगड्याच्या घड्या बांधलेल्या, त्या भिजून त्याच्या मांड्या सोलवटलेल्या. अंगाला वास येत असे. बाकड्यावरची माणसं सरकून बसत, आणि बाई त्यांच्याकडे न बघता भिंतीपाशी उभी राही. मी पट्टी सोडायची, धुवायची, मलम लावायची, कोरडी पट्टी बांधायची. बांधेपर्यंत ती पुन्हा ओली झालेली असे. मी खूप सांभाळून करायची. आवाज तर इतका खाली आणला होता की बाकीचे पेशंट चकित झाले. डॉक्टरांनी विचारलं, बरं नाही का.

पोराशी मैत्री करायचा मी प्रयत्न केला. लिमलेटची गोळी दिली. त्याने घेतली आणि आईच्या हातात ठेवली. वडिलांच्या जुन्या पंच्याचे तुकडे शिवून त्याच्यासाठी मऊ पट्ट्या करून ठेवल्या. तो माझ्यासमोर कधी रडला नाही. पट्टी ओढली तरी नाही. छताकडे बघत पडून राहायचा आणि दोन्ही मुठींत आईचा पदर धरायचा. आणि ती दारातून आत येता येता म्हणायची, "पाजलाय बाय." मला ते शब्द ऐकवत नसत. दर बुधवारी सकाळी उठल्यापासून माझं डोकं जड असायचं. आज तिची होडी चुकली तर बरं, असंही एकदोनदा मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच चीड आली.

चार महिने गेले. पावसाळा लागला, आगरं बंद झाली. एका बुधवारी पट्टी सोडली तर ती कोरडी होती. माझा विश्वास बसेना. पुढच्या बुधवारीही कोरडी. जखमेच्या जागी बारीक खळगी, तिच्यावर गुलाबी कातडी. डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं, पण एवढ्यावर ते सोडणार नव्हते. जखम वरवर मिटते आणि आत तुंबून राहतं, हे आम्ही एकदा पाहिलं होतं. ते म्हणाले, याला पाणी पाजा आणि माझ्यासमोर लघवी करू दे. खालच्या वाटेने नीट झाली, तरच मी याला बरा म्हणेन.

बाईने त्याला तांब्याभर पाणी पाजलं. अर्ध्या तासाने त्याला ड्रेसिंगच्या खोलीत उभं केलं, पुढ्यात इनॅमलची थाळी ठेवली. तो उभा राहिला. चड्डी खाली, दोन्ही हात छातीशी. काही होईना. डॉक्टर म्हणाले, घाई नाही. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मी थाळी जरा जवळ सरकवली आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, "कर हं बाळा, काही दुखणार नाही."

तो थरथरायला लागला. त्याचं पोट हळूहळू पुढे येत होतं, मला दिसत होतं. लागलेली होती, येत नव्हती. माझ्या मनात एकच, की आत पुन्हा अडलं, पुन्हा टाके, पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि या खेपेला हे पोर टिकणार नाही. तो थाळीकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

डॉक्टरांनीही ते पाहिलं. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता?"

मी बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले. आतून बाईचा आवाज आला. ती कधी मोठ्याने बोलत नसे, तेव्हाही हळूच बोलली.

"गेली ती. मूत आता."

आणि थाळीवर धार वाजली. चांगली जोरात, न तुटता, बराच वेळ. डॉक्टरांनी आतून आनंदाने हाक मारली, "सिस्टर, या, बघा तरी."

मी आत गेले नाही. त्याचं पुरतं होऊ दे म्हटलं.